निळा फेअरीरेन : कुठे शोधायचा, कसा टिपायचा

नाशिकला असताना माझी फोटोग्राफी नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर घडली. मनोऱ्यात बसायचं, समोर पाण्यावर बदकं, करकोचे, कधी क्रौंच. पक्षी मोठे, जागा मोकळी, लेन्स रोखली की काही ना काही मिळायचंच. मेलबर्नला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात पॉइंट कुकच्या समुद्रकाठच्या पायवाटेवर लिंबाएवढा एक पक्षी टुणकन पुढ्यात आला. शेपटी वटवट्यासारखी उभी आणि डोकं असं निळं की मी बघतच राहिले. कॅमेरा वर करेपर्यंत तो झुडपात. पुढचे दोन महिने दर शनिवारी मी त्याच्या मागे फिरले आणि हाती लागले ते फांद्यांचे फोटो.

हा सुपर्ब फेअरीरेन. तो मुळात बुजरा नाही. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी मतं देऊन त्याला ‘वर्षाचा पक्षी’ म्हणून निवडलं, इतका तो इथल्या बागांमधला, अंगणांमधला आहे. फोटो हुकतो तो बहुतेक वेळा आपण त्याच्या मागे धावतो म्हणून. हे कळायला मला जो वेळ लागला तो तुम्हाला लागू नये, यासाठी सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. आधी ओळख पक्की करा

लांबी साधारण १४ सेंटिमीटर, आणि त्यातली बरीचशी शेपटीच. वजन ८ ते १३ ग्रॅम. इथलं एक डॉलरचं नाणं ९ ग्रॅमचं असतं. ते तळहातावर ठेवून बघा, म्हणजे अंदाज येईल.

विणीच्या हंगामातला नर कोणालाही ओळखू येतो. डोक्याचा माथा, गाल आणि पाठीचा वरचा भाग झगझगीत आकाशी, डोळ्यातून मागे मानेपर्यंत गेलेला काळा पट्टा, गळा काळसर निळा, शेपटी गडद निळी, पोट राखाडी-पांढरं, पंख साधे तपकिरी. मादी वरून तपकिरी, खालून फिकी. तिची चोच नारिंगी-तांबूस आणि डोळ्याभोवती त्याच रंगाचा डाग.

इथे पहिली चूक होते. एका निळ्या नराभोवती चार-पाच तपकिरी पक्षी दिसले की आपण म्हणतो, एक नर आणि बाकी साऱ्या माद्या. तसं नसतं. उन्हाळा सरता सरता बहुतेक नर आपला निळा पेहराव टाकून तपकिरी होतात. शिवाय त्या घोळक्यात आधीच्या विणीतले तरुण नर असतात. ते घर सोडून न जाता धाकट्या भावंडांना भरवायला मदत करतात. तेव्हा तपकिरी पक्षी दिसला की दोन गोष्टी बघा. चोच काळी आणि शेपटी निळसर असेल, तर तो साध्या कपड्यातला नर. चोच नारिंगी आणि शेपटी तपकिरी असेल, तर मादी. अगदी लहान नरही काही काळ असाच दिसतो. एवढं जमलं की समोर घोळका न दिसता कुटुंब दिसायला लागतं, आणि फोटोतही ते उतरतं.

तुम्ही कुठल्या शहरात आहात त्यावरही ओळख ठरते. व्हिक्टोरिया, टास्मानिया, कॅनबेरा, न्यू साउथ वेल्सचा बराच भाग, दक्षिण ऑस्ट्रेलियाचा आग्नेय कोपरा आणि क्वीन्सलंडची दक्षिण बाजू हा सुपर्बचा प्रदेश. टास्मानियात फेअरीरेनची ही एकच जात, त्यामुळे तिथे गोंधळाला जागाच नाही. सिडनी-ब्रिस्बेनकडे तांबड्या खांद्याचा व्हेरिगेटेड फेअरीरेनही असतो, ब्रिस्बेनला लाल पाठीचा रेड-बॅक्ड. पर्थकडे सुपर्ब नाहीच. तिथला स्प्लेंडिड तर जवळजवळ नखशिखांत निळा. नावात रेन असलं, तरी युरोपातल्या रेन या छोट्या पक्ष्यांशी यांचं जवळचं नातं नाही.

२. जागा आणि वेळ

सूत्र सोपं आहे: दाट झुडूप आणि त्याला लागून आखूड गवत. हा पक्षी जमिनीवर उड्या मारत मुंग्या, नाकतोडे, माश्या, अळ्या टिपतो आणि धोका वाटला की दोन उड्यांत झुडपात शिरतो. त्यामुळे नुसतं मोकळं मैदान किंवा नुसतं उंच निलगिरीचं रान बघण्यात वेळ घालवू नका. झुडूप आणि गवत यांची शिवण जिथे असते, तिथे बघा. पार्किंगच्या कडेची झुडपं, सहलीच्या बाकांमागची लोमँड्राची (लांब पात्यांच्या गवतासारख्या झाडाची) जाळी, ओढ्याकाठची टी-ट्रीची झुडपं, समुद्रकाठचं सॉल्टबुशचं झुडूप.

मेलबर्नच्या पश्चिमेला राहत असाल तर पॉइंट कुक कोस्टल पार्क आणि न्यूपोर्ट लेक्स, पूर्वेला जेल्स पार्क, आग्नेयेला क्रॅनबर्नचं रॉयल बोटॅनिक गार्डन्स, जिलाँगच्या वाटेवर लारा इथलं सेरेंडिप अभयारण्य. कॅनबेरात ऑस्ट्रेलियन नॅशनल बोटॅनिक गार्डन्सइतकी सोपी जागा दुसरी नाही.

हे पक्षी स्थलांतर करत नाहीत. एक कुटुंब वर्षभर आपल्याच हद्दीत फिरतं. म्हणून दर आठवड्याला नवं उद्यान धुंडाळण्यापेक्षा एकच जागा धरा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांच्या ठरलेल्या वाटा तुमच्या लक्षात येतील.

फोटोसाठी माझी पसंती जुलै ते सप्टेंबर, म्हणजे इथला हिवाळा सरण्याचा काळ. वयानं मोठे नर तोवर निळे झालेले असतात आणि झुडपं ओलांडून एकमेकांच्या हद्दीत डोकावत असतात. मेलबर्नला जूनअखेर सूर्य साडेसातच्या पुढे-मागे उगवतो, त्यामुळे पहाटे उठण्याचाही जाच नाही. थंडीच्या सकाळी उन्हाकडे तोंड असलेलं झुडूप हेरून ठेवा. रात्रभर एका फांदीवर एकमेकांना बिलगून झोपलेलं कुटुंब उन्हाला येतं, पिसं फुलवून बसतं, एकमेकांची मान खाजवून देतं. एरवी दोन सेकंद न टिकणारा पक्षी तेव्हा कधी कधी मिनिटभर जागचा हलत नाही.

३. सोबत काय घ्यायचं

- कॅमेरा आणि किमान ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स. ६०० असेल तर उत्तम. पण जड लेन्स घेऊन जमिनीवर बसणं अवघड जातं. सुरुवातीला लांब झूमचा ब्रिज कॅमेराही चालतो.
- ८×४२ ची दुर्बीण. पहिल्या दोन खेपांना फक्त दुर्बीणच न्या, असं मी आग्रहानं सांगेन.
- बसायला फोमचा तुकडा किंवा जुनं पोतं. गवत ओलं असतं.
- मातकट, हिरवट कपडे. कुरकुरणारं विंडचीटर नको. त्याचा आवाज त्यांना फार लांबून कळतो.
- लांब पँट, बंद बूट, टोपी, सनस्क्रीन, पाणी, आणि लवचिक रुंद पट्टीचं बँडेज.

बँडेज कशाला? सप्टेंबरपासून साप बाहेर पडतात, आणि पाणथळ भागातला टायगर स्नेक किंवा गवताळ रानातला ईस्टर्न ब्राउन अत्यंत विषारी असतो. गवतात बसण्याआधी जागा नीट बघा, पाय आपटून चाला. दंश झालाच तर जखम धुवायची नाही, पट्टी घट्ट गुंडाळायची, माणसाला अजिबात चालू द्यायचं नाही आणि ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन लावायचा. सहसा अशी वेळ येत नाही, पण तयारी हवी.

परवान्यांचं थोडक्यात: वर दिलेल्या जागी हौशी फोटोग्राफीला परवाना लागत नाही. पक्षी बघायला वेरिबीच्या वेस्टर्न ट्रीटमेंट प्लँटमध्ये (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) जायचं तर मेलबर्न वॉटर या पाणी खात्याचा परवाना आधी काढावा लागतो. लग्नाचं किंवा धंद्याचं शूटिंग करणार असाल तर त्याचे नियम वेगळे. ड्रोन घरीच ठेवा.

४. डोळ्यांआधी कान

फेअरीरेन बहुतेक वेळा आधी ऐकू येतो. त्याचं गाणं म्हणजे किल्लीच्या घड्याळाचा गजर लांबून ऐकू यावा तशी बारीक, भरभर, चढत जाणारी लड. नरही गातो, मादीही गाते. खाताना कुटुंबातले सगळे एकमेकांना बारीक ‘सीप सीप’ करत राहतात, आणि धोका दिसला की तीच हाक टोकदार, घाईची होते. घरून निघण्याआधी झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवर चार-पाच रेकॉर्डिंग ऐकून घ्या.

पण ती रेकॉर्डिंग रानात वाजवू नका. मोबाइलवरचं गाणं ऐकून नर धावत येतो, कारण त्याला वाटतं की हद्दीत परका घुसला. तो चारा सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो. फोटो मिळतोही, पण त्यातला पक्षी ताणलेला असतो. एकदा बघून झाल्यावर मला तो फोटो ठेवावासा वाटला नाही.

५. पाठलाग सोडा, पुढे जाऊन बसा

सगळ्या लेखात एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.

कुटुंब खाता खाता एका दिशेनं सरकत असतं. आपण मागून गेलो की ते पुढे पुढे जातं आणि फोटोत शेपट्या येतात. त्याऐवजी थांबा आणि दोन-तीन मिनिटं दुर्बिणीतून त्यांचा रोख बघा. मग झुडपापासून लांबून, मोठा वळसा घालून, त्यांच्या वाटेवर दहा-पंधरा मीटर पुढे जा. सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडा. जमिनीवर बसा, कॅमेरा गुडघ्यावर टेकवून आधीच डोळ्यापाशी ठेवा, आणि हलू नका. त्यांना माणसाच्या आकारापेक्षा माणसाच्या हालचालीची भीती जास्त असते.

पहिली येते ती बहुधा तपकिरी मादी किंवा तरुण नर. तिच्यावर फटाफट शटर दाबू नका. तिला जाऊ द्या. ती निवांत चरताना दिसली की बाकीचे बाहेर येतात, आणि निळा नर पुष्कळदा त्यांच्या मागून येतो. एकदा एक मादी माझ्या बुटापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. गवताच्या पात्यावरून तिनं एक हिरवी अळी ओढली, जमिनीवर दोनदा आपटली आणि गिळली. चोचीला चिकटलेलं पिवळट पाणी फांदीवर घासून पुसलं. लेन्सच्या कमीत कमी अंतराच्या आत असल्यामुळे फोटो काढणं शक्य नव्हतं. ती सकाळ मला आजही लख्ख आठवते.

याच संदर्भात लेन्सवरचं फोकस मर्यादेचं बटण तपासून ठेवा. दूरच्या बदकांसाठी ते ‘१० मीटर ते अनंत’वर ठेवायची माझी सवय. इथे पक्षी तीन मीटरवर आला, निळा, उन्हात, समोर फांदी नाही, आणि लेन्स नुसती घरघरत राहिली. घराबाहेर पडण्याआधी ते बटण पूर्ण टप्प्यावर आणा. लेन्स किती जवळचं टिपू शकते हेही माहीत करून घ्या; मोठ्या झूम लेन्सना दोन-अडीच मीटर तरी लागतात.

एका जागेला अर्धा-पाऊण तास द्या. फेरी मारून ते बऱ्याचदा त्याच वाटेनं परततात.

६. कॅमेऱ्याची मांडणी

शटर १/१६०० पासून सुरू करा. ऊन खात बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतं. ॲपर्चर लेन्सचं सगळ्यात मोठं, म्हणजे एफ/५.६ किंवा एफ/६.३. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. दाणे आले तरी चालतात, हललेला डोळा चालत नाही. फोकस सततचा. पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय असेल तर मोकळ्यावर वापरा. काटक्यांमध्ये मात्र एकच छोटा बिंदू निवडा, नाहीतर फोकस पुढच्या काटकीवर जातो. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या स्वरूपात) घ्या.

उंची महत्त्वाची. उभ्यानं काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि मागे गवत. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणला की मागचं सगळं विरघळून जातं.

७. निळा रंग जळू देऊ नका

नवख्यांचे सर्वांत जास्त फोटो इथे बिघडतात. या पक्ष्याच्या अंगावर लख्ख आकाशी आणि गडद काळा हे शेजारी शेजारी आहेत, आणि मागे बहुधा अंधारं झुडूप. कॅमेऱ्याला वाटतं चित्र काळोखं आहे, तो उजेड वाढवतो, आणि गालावरची आकाशी पिसं सपाट डाग होऊन बसतात. नंतर कितीही ओढाताण केली तरी त्यातली एकेक पिसाची रेघ परत येत नाही.

म्हणून एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवा: उणे ०.३ ते उणे ०.७, कडक उन्हात उणे १ सुद्धा. आणि हिस्टोग्राम (फोटोत उजेड कुठे किती आहे ते दाखवणारा आलेख) बघताना साधा पांढरा आलेख बघू नका. तीन रंगांचे वेगळे आलेख उघडा. साधा आलेख सुरक्षित दिसत असताना निळा आलेख उजव्या कडेला धडकलेला असतो.

ही निळाई रंगद्रव्याची नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून ती दिसते. पाठ फिरवताना तोच गाल क्षणात पेटतो, क्षणात काळवंडतो, ते यामुळे. सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्याचं डोकं किंचित तुमच्याकडे वळलेलं, तो क्षण धरा. पातळ ढगांचा उजेडही फार छान. भर दुपार टाळा.

घरी संपादन करताना सॅच्युरेशन वाढवायचा मोह आवरा. माथा आकाशी असतो. जांभळट दिसू लागला की तुम्ही पुढे गेलात.

८. रंगापलीकडचे क्षण

नुसता बसलेला निळा नर मिळाला की पुष्कळ जण थांबतात. मला तिथून पुढचं जास्त आवडतं. नर कधी कधी चोचीत फुलाची पाकळी, बहुधा पिवळी, धरून मादीसमोर येतो. गालाची पिसं फुलवून, अंग वळवून तिला दाखवतो. गंमत म्हणजे ती मादी बऱ्याचदा शेजारच्या कुटुंबातली असते. नर-मादी जोडीनं राहतात, हद्द राखतात, पिल्लं वाढवतात, पण घरट्यातल्या बऱ्याच पिल्लांचा बाप दुसरा असतो, हे डीएनए तपासणीतून सिद्ध झालेलं आहे. चोचीत पिवळं काही घेऊन घाईनं निघालेला नर दिसला तर तो कुठे जातोय ते दुर्बिणीनं बघत राहा.

अजून एक. गाडीच्या आरशावर चोच मारत बसलेला नर पार्किंगमध्ये दिसतो. प्रतिबिंबाला तो प्रतिस्पर्धी समजतो आणि तासन्‌तास झुंजतो. फोटो सोपा आहे, पण त्याआधी आरसा दुमडा किंवा त्यावर पिशवी चढवा. गाडी तुमची नसेल तर मालकाला सांगा.

९. घरट्यापासून लांब

ऑगस्ट-सप्टेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वीण चालते. गवत आणि कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं, बाजूला दार असलेलं घुमटाकार घरटं जमिनीपासून बहुधा मीटरभराच्या आतच असतं. ते मादी एकटीच बांधते आणि अंडीही एकटीच उबवते. अंडी साधारण तीन-चार.

ते शोधू नका, आणि सापडलं तर मागे फिरा. आपण तुडवलेलं गवत आणि आपली येरझार करॉवाँग (कावळ्यासारखा इथला पक्षी), मांजर, कोल्हा यांना वाट दाखवते. एका ऑक्टोबरमध्ये मी पायवाट सोडून चार पावलं आत गेले आणि समोर एक पक्षी डोकं खाली घालून, शेपटी पाडून, पंख लोंबते ठेवून, पिसं फुगवून उंदरासारखा सरसर पळाला, ओरडत. मला वाटलं जखमी आहे, म्हणून मागे गेले. शत्रूला पिल्लांपासून दूर नेण्याची ती त्यांची युक्ती आहे हे नंतर समजलं. त्या वेळी शत्रू मी होते. असं पळणं दिसलं तर कॅमेरा खाली करा आणि आलात त्याच वाटेनं बाहेर पडा.

ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं की मादी अंडी उबवताना आतल्या पिल्लांना एक ठरावीक हाक ऐकवते, आणि बाहेर आल्यावर पिल्लं अन्न मागताना त्याच हाकेतला सूर काढतात. घरट्यात ब्राँझ-ककू कोकिळेनं अंडं घातलेलं असलं, तर आपलं कोण हे ओळखायला त्याचा उपयोग होतो. कोण्या अनोळखी माणसाच्या भीतीनं ती उठून गेली तर ही शिकवणीच तुटते.

१०. नोंद करा

महाराष्ट्रात ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर याद्या टाकत असाल, तर तेच खातं इथेही चालतं. बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया या पक्षीसंस्थेचं बर्डाटा हे ॲपही आहे, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची अंगणातल्या पक्ष्यांची गणती असते; वीस मिनिटांची नोंद, मुलांना घेऊन करण्यासारखी. संख्या लिहिताना नर, मादी, तपकिरी असे वेगळे आकडे टाका. घरट्याची नेमकी जागा कुठेही लिहू नका, फोटोतला लोकेशनही काढून टाका.

कॅनबेराच्या बोटॅनिक गार्डन्समध्ये गेलात तर पायांकडे जरूर बघा. तिथल्या फेअरीरेनवर ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे संशोधक कित्येक दशकं काम करत आहेत, आणि पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी असतात. फोटोत दोन्ही पाय आले, तर कड्यांचे रंग लिहून घ्या: पक्ष्याचा डावा पाय वरून खाली, मग उजवा पाय वरून खाली. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे. पक्षी समोरून बघताना इथे हमखास गल्लत होते.